काळ्याची बंदी, काळ्याची सक्ती

लग्नाच्या हॉलमध्ये एखादा पाहुणा काळा शर्ट, काळी पँट घालून आला की दोन-चार आत्या-मावश्यांच्या भुवया वर जातातच. त्याच हॉलमध्ये पाणी वाटणारी केटररची पोरं, दारातले बाउन्सर, स्टेजमागे केबल ओढणारी मंडळी नखशिखांत काळ्यात असतात. त्यांच्याकडे बघून कुणाला अपशकुन आठवत नाही. हौसेने घातला की काळा अशुभ आणि पगारासाठी घातला की शिस्तीचा. रोज काळं घालावं की नाही, हा वाद या दोन टोकांमध्येच घुटमळतो. खरा प्रश्न कापडाचा आणि रंगाईचा आहे, आणि त्याबद्दल ना बंदी घालणारे बोलतात ना सक्ती करणारे.

शकुनाचं आधी उरकून टाकू. महाराष्ट्रात काळा सरसकट वर्ज्य कधीच नव्हता. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी घेतात, तिच्यावर हलव्याचे दागिने घालतात. बाळाच्या बोरनहाणाला काळं झबलं शिवतात. चंद्रकळा ही तर मिरवायची साडी. मंगळसूत्रातले मणी काळे, वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का काळा, धनगराची घोंगडी दख्खनी मेंढीच्या मुळातच काळ्या लोकरीची. शबरीमलाला जाणारे भाविक ४१ दिवसांचं व्रत काळ्या किंवा निळ्या वस्त्रांत पाळतात. उलट आपल्याकडे दुःखाच्या घरी जाताना पांढरं घालतात. काळा शोकाचा, ही रीत मुख्यतः ख्रिस्ती समाजातली. गोव्यात जुन्या पिढीतल्या विधवा वर्षानुवर्षं काळ्या पोशाखात राहत. काळा टाळतात तो ठरावीक कार्यांत: मुंज, लग्न, सत्यनारायण. तिथे चार तास दुसरा रंग घातल्याने कुणाचं स्वातंत्र्य बुडत नाही, यजमानाचं मन मात्र राहतं. पण तोच नियम ताणून ‘ऑफिसला रोज काळं काय घालून जातेस’ इथवर आणायचा, तर त्याला परंपरेचा आधार नाही. ती नुसती टोकायची सवय आहे.

राजकारणातला काळा निराळा. बेळगावात १९५६ पासून १ नोव्हेंबरला मराठी माणूस काळा दिन पाळतो, काळे कपडे घालून फेरीत चालतो. तमिळनाडूत द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांच्या अनुयायांचा काळा शर्ट आजही दिसतो. तिथे काळा बोलावा म्हणूनच घातलेला असतो. याच धास्तीपोटी मोठ्या नेत्याच्या सभेच्या दारात काळा रुमाल, काळी ओढणी काढून घेतल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. काळी पँट हा आपल्याकडचा सगळ्यात सामान्य कपडा आहे. तिला निषेध ठरवायचं तर अर्धी सभा बाहेर उभी करावी लागेल. घोषणा नाही, फलक नाही, नुसता ओढणीचा रंग बघून हेतू ठरवणं हा पोलिसी आळस आहे.

‘काळ्यात उकडतं’ हा आक्षेप मात्र असा झटकून टाकता येत नाही. काळं कापड ऊन जास्त शोषतं, यात वाद नाही. ती उष्णता अंगापर्यंत पोचते का, हा पुढचा प्रश्न. १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब लोकांच्या काळ्या झग्यांवरचा एक प्रयोग छापून आला होता. इस्राएलमधल्या नेगेवच्या वाळवंटात, ३५ ते ४६ अंश तापमानात, भर उन्हात उभं राहून काळा झगा, पांढरा झगा आणि इतर पोशाख यांची तुलना केली. काळ्या झग्याने उष्णता जास्त घेतली, पण त्वचेपर्यंत पोचलेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच निघाली. जास्तीची उष्णता कापडातून आणि कापड-अंग यांच्यामधल्या खेळत्या हवेतून वाटेतच निघून गेली.

या प्रयोगाचा दाखला समाजमाध्यमांवर हमखास दिला जातो, आणि त्यातली अट हमखास गाळली जाते. झगा सैल होता, अंगापासून सुटा होता, हवा कोरडी आणि वाहती होती. अंगाला चिकटलेल्या काळ्या टी-शर्टला यातलं काहीच लागू नाही. तिथे मधे हवाच नाही, तापलेलं कापड थेट कातडीवर. म्हणून उन्हाळ्यात काळं घालायचं तर आधी माप बदला. छाती ४० इंच असेल तर शर्ट तयार ४५-४६ इंच हवा, खांद्याची शिवण आपल्या जागी, पण पाठ आणि बगल मोकळी. कापड साध्या विणीचं सुती, चौरस मीटरला १०० ते १२० ग्रॅम वजनाचं. बाजारातले बहुतेक काळे टी-शर्ट १८० ते २२० ग्रॅमचे असतात, कारण पातळ काळी होजिअरी ताणली की आतलं दिसतं. ते पावसाळ्या-हिवाळ्याला ठीक. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात सैल सुती काळा निभावतो. कोकणात, मुंबईत घाम वाळतच नाही, तिथे सैल कापडाचा फायदाही निम्म्यावर येतो. पण तिथे पांढरा घालूनही माणूस भिजतोच.

शिवाय रंगाचा आणि उकाड्याचा संबंध फक्त थेट उन्हात आहे. सावलीत, ऑफिसात, लोकलच्या डब्यात, रात्री काळा आणि पांढरा सारखेच. गर्दीच्या डब्यात जीव कासावीस होतो तो गर्दीने आणि पॉलिएस्टरने. आणि एक गोष्ट काळ्याच्या बाजूची: तेच कापड, तीच वीण असेल तर गडद रंग फिकट रंगापेक्षा अतिनील किरण जास्त अडवतो.

आता रंगाई. रोजचा काळा फसतो तो इथे, आणि ग्राहकाला यातलं काहीच सांगितलं जात नाही.

काळ्याला रंग सगळ्यात जास्त लागतो. सुती कापडाला फिकट गुलाबी करायला कापडाच्या वजनाच्या अर्धा टक्काही रंग पुरतो. गडद काळ्याला पाच ते आठ टक्के लागतो. सुतावर आज सर्रास वापरतात त्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगातला काही भाग धाग्याशी पक्का जोडला जातो आणि काही भाग पाण्याशीच संयोग पावून धाग्यावर नुसता बसून राहतो. हा बसलेला रंग काढायला कापड जवळजवळ उकळत्या, नव्वदेक अंशांच्या साबणपाण्यातून पुन्हापुन्हा काढावं लागतं. त्याला पाणी लागतं, वाफ लागते, वेळ लागतो. स्वस्त मालात काटछाट होते ती नेमकी इथे. गिरणीने वाचवलेली ती धुलाई मग तुमच्या बादलीत होते, आणि सोबतच्या पांढऱ्या बनियनचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

यावर घरोघरी सांगितला जाणारा उपाय म्हणजे नवा कुडता मिठाच्या पाण्यात भिजवणं. मिठाला रंगाईत काम आहे, पण ते रंगाच्या हौदात: पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलण्याचं. रंग पक्का करतो तो सोडा, आणि तोही रंगाईच्याच वेळी. एकदा पाण्याशी जोडला गेलेला रंग घरी मिठाने, तुरटीने, व्हिनेगरने, कशानेच पक्का होत नाही. तो काढून टाकणं हाच उपाय. पहिल्या दोन-तीन वेळा कपडा एकटा, चाळीसेक अंशांच्या कोमट पाण्यात, द्रव साबणाने धुवायचा. पाणी स्वच्छ निघालं की काम झालं. त्यानंतर कायम गार पाणी. ‘काळं पहिल्यापासून गारच पाण्यात’ हा सल्ला अर्धवट आहे, कारण गार पाण्यात सुटा रंग महिनोन्‌महिने थोडाथोडा निघत राहतो.

जाड ड्रिलच्या स्वस्त पँटी, काही जीन्स, पिशव्या यांचा काळा वेगळा, गंधकाचा. सल्फर ब्लॅक म्हणतात तो. स्वस्त आणि गडद, पण त्याची एक खोड आहे. कपडा उष्ण-दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिला की रंगातल्या गंधकाचं हळूहळू गंधकाम्ल बनतं आणि ते सूत खातं. चार वर्षांनी ट्रंकेतून काढलेली काळी पँट घडीवर टर्रकन फाटते ती ‘कापड जुनं झालं’ म्हणून नाही, आम्लाने. चांगली गिरणी शेवटी सौम्य अल्कलीची प्रक्रिया करून हे टाळते. घरच्या घरी इतकंच करता येतं की असे कपडे पावसाळ्यात पेटीत कोंबायचे नाहीत आणि ठेवणीतले असले तरी वर्षातून दोनदा साध्या साबणाने धुवायचे, म्हणजे तयार झालेलं आम्ल निघून जातं. क्लोरीनच्या ब्लीचचा थेंब मात्र दोन्ही काळ्यांचा शत्रू. फरशी पुसायच्या द्रवाचा शिंतोडा उडाला तरी तपकिरी-लालसर डाग पडतो, आणि तो जात नाही.

पॉलिएस्टर हा तिसरा काळा. तो १३० अंशांना, दाबाखाली रंगवतात. रंग धाग्याच्या आत शिरतो, म्हणून पॉलिएस्टरचा काळा वर्षानुवर्षं काळाच राहतो. रोजच्या काळ्याचं मोठं व्यवहारज्ञान मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या बुरखा-अबायाच्या दुकानांत आहे. बुरखा घालावा की नाही हा वाद इथे आणण्याचं कारण नाही. पण काळा कपडा रोज, उन्हातान्हात, वर्षभर वापरायचा तर काय चालतं, हे तिथल्या गिऱ्हाइकाला आणि शिंप्याला इतरांपेक्षा जास्त कळतं. तिथे ‘निदा’ नावाचं पॉलिएस्टर चालतं, कारण तो गडद राहतो, पटकन वाळतो, इस्त्री मागत नाही. पॉलिएस्टरचा घाम न शोषण्याचा दोष तिथे सैल शिवणीने आणि आत सुती कपडा ठेवून सांभाळला जातो. हाच धागा अंगाबरोबर शिवला की असह्य होतो.

दुकानात दोनच चाचण्या पुरतात. पहिली, कपडा दाराशी नेऊन उजेडात बघणं. दुकानातल्या दिव्याखाली सगळे काळे सारखे दिसतात. उन्हात एक लालसर निघतो, एक निळसर, एक हिरवट. काळा रंग बहुधा दोन-तीन रंगांच्या मिश्रणातून साधतात, म्हणून हे होतं. दुसरी, पांढरा रुमाल ओला करून कपड्याच्या आतल्या बाजूला दहा वेळा घासणं. प्रयोगशाळेतही दहा फेऱ्यांचीच चाचणी असते आणि तिला १ ते ५ असा दर्जा देतात, ५ सगळ्यात चांगला. गडद सुती काळ्याला कोरड्या घासण्यात ४ मिळतो, ओल्या घासण्यात २ ते ३, म्हणजे रुमालावर राखाडी छटा येणारच. पण रुमाल कोळशासारखा झाला तर कपडा तिथेच ठेवा. गाडीच्या सीटवर आणि हँडबॅगेवर तोच रंग उतरणार आहे.

‘सगळे कपडे काळे ठेवले की सकाळी विचार करावा लागत नाही’ हा रोज काळं घालणाऱ्यांचा लाडका युक्तिवाद. तो अर्धाच खरा. सहा महिन्यांत पँट लालसर होते, शर्ट राखाडी, आणि तीन वेगवेगळ्या काळ्यांचा माणूस एकाच जुन्या निळ्या शर्टातल्या माणसापेक्षा अव्यवस्थित दिसतो. त्यामुळे काळ्यावर काळा तंतोतंत जुळवायचा हट्ट सोडावा. पोत वेगळा ठेवला, म्हणजे खाली ड्रिल आणि वर पॉपलीन किंवा खादी, की छटेतला फरक मुद्दाम केलेला वाटतो. दोन्हीकडे एकच पोत हवा असेल तर एकाच ताग्यातून एकाच दिवशी शिवून घ्या आणि नेहमी बरोबरच धुवा.

राखाडी होण्यातही सगळा दोष रंगाचा नसतो. घासणीने सुताचे बारीक तंतू वर येतात, त्यांच्यावर उजेड विखुरतो आणि रंग जागेवर असूनही कपडा विटल्यासारखा दिसतो. म्हणून काळा उलटा करून धुवायचा, चेन लावून, टॉवेलबरोबर कधीच नाही. पांढरे कपडे उजळवणाऱ्या पावडरी टाळायच्या. त्यांतले चमक आणणारे घटक काळ्यावर निळसर-राखाडी झाक बनून बसतात. बोअरच्या जड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, पांढऱ्या रेघा उठतात. तिथे द्रव साबण आणि एक खळबळणं जास्त. वाळवायचं सावलीत. स्टार्च अजिबात नको, पापुद्रे दिसतात. इस्त्री उलट्या बाजूने, टेरिकॉटवर तर ओला रुमाल ठेवूनच, नाहीतर गुडघ्यावर आणि खिशाच्या कडेला जी चकाकी येते ती परत जात नाही.

पाठीवर वाळलेल्या घामाचा पांढरा नकाशा हा काळ्याचा सगळ्यात उघड दोष. तो मिठाचा असतो. घरी आल्यावर कपडा खुंटीला न अडकवता साध्या पाण्यातून काढला तर डाग राहत नाही. दोन दिवस तसाच ठेवला तर मीठ शिवणीत मुरतं आणि काखेतला रंगही उतरतो.

काळ्याविरुद्धचा एक आक्षेप खरोखर गंभीर आहे, आणि तो कुणी घेत नाही. रात्रीचा रस्ता. डिपरवर असलेल्या गाडीच्या उजेडात गडद कपड्यातला पादचारी सर्वसाधारणपणे पंचवीस-तीस मीटरवर आल्यावरच नजरेला येतो. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला, चालकाचा दीड सेकंद प्रतिसादाचा धरला तर, थांबायला ४५ मीटर लागतात. हे गणित कोरड्या रस्त्याचं. पावसात आकडा वाढतो, आणि नेमका पावसातच आपण काळा रेनकोट घालून स्कूटर काढतो. दिव्याविना असलेल्या राज्यमार्गाच्या कडेने चालणाऱ्याने काळं घालू नये, आणि घातलंच तर पाठीला आणि पोटऱ्यांना चमकपट्टी लावावी. मंगळवारी काळं घातल्याबद्दल टोकणारे घरातले लोक रात्री नऊ वाजता काळ्या जर्किनमध्ये बाहेर पडणाऱ्या मुलाला काही बोलत नाहीत.

मर्जीने घालणाऱ्याला निदान निवडीची मुभा आहे. ज्यांना ती नाही त्यांच्यात वकील निदान बोलू तरी शकतात. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांत काळा कोट, पांढरा बँड आणि गाऊन ठरवून दिलेले आहेत. गाऊन सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांपुरता सक्तीचा. काळ्या कोटाला उन्हाळ्यात सवलत आहे, पण ती फक्त खालच्या न्यायालयांत. म्हणजे नागपूरच्या जिल्हा न्यायालयातला वकील एप्रिलमध्ये कोट काढू शकतो आणि त्याच शहरातल्या खंडपीठात उभा राहणारा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्याबरोबर तिथल्या वकिलांच्या वाट्याला ही सक्तीही आली. कोर्टरूममध्ये एसी असतो हे उत्तर पुरेसं नाही. पक्षकाराला भेटायचं, फाइलिंग करायचं ते एसीत होत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावरच्या याचिकेत हात न घालता याचिकाकर्त्याला बार कौन्सिलकडेच जायला सांगितलं.

कोट अजिबात नको, अशी आमची मागणी नाही. न्यायालयात सगळे एका रंगात असण्याला अर्थ आहे. पक्षकाराला गर्दीत वकील ओळखू येतो, आणि ज्युनिअर-सीनिअरची श्रीमंती निदान काही अंशी झाकली जाते. पण नियमात काळा लिहिला आहे, कापड लिहिलेलं नाही. बाजारात तयार मिळणारा वकिली कोट बहुधा पॉलिएस्टर-व्हिस्कोसचा, आत पूर्ण पॉलिएस्टरचं अस्तर, पुढच्या भागात चिकटवलेली कॅनव्हास. तीन थर, आणि एकातूनही हवा जात नाही. त्याऐवजी पाठीला अस्तर नसलेला, फक्त खांदे आणि बाह्यांपुरतं अस्तर असलेला सुती किंवा हलक्या लोकरीचा कोट नियमात चपखल बसतो. शिवणावळ थोडी जास्त पडते, कारण अस्तर नसलं की आतल्या शिवणी पट्टी लावून झाकाव्या लागतात. बार असोसिएशननी एखाद्या शिंप्याशी ठरवून तो एकगठ्ठा शिवून घेतला तर नियम बदलायची वाट बघावी लागणार नाही.

सलूनमधल्या, हॉटेलातल्या, इव्हेंटमधल्या मुलांना असोसिएशन नाही. त्यांच्या मालकाने काळा निवडलेला असतो तो डाग दिसू नयेत म्हणून: केसांचा डाय, तेल, रस्सा. कारण रास्त आहे. पण कापड असतं सगळ्यात स्वस्त पॉलिएस्टर होजिअरी, आणि मिळतात दोन जोड. रोज बारा तास घालून, रात्री धुऊन, पावसाळ्यात अर्धवट ओलाच परत घातलेला टी-शर्ट कंबरेला आणि काखेला गजकर्ण आणतो, औषधाचा खर्च पोराच्याच खिशातून. बाउन्सरचा काळा सफारी तर दुपारी तीनच्या उन्हात, पार्किंगमध्ये. रंगाची सक्ती करायची तर तिच्याबरोबर कापडाची जबाबदारीही मालकाने घ्यावी: किमान साठ टक्के सूत, दीडशे ग्रॅमच्या आसपासचं वजन, ओल्या घासण्याला किमान ३ दर्जा, माणशी तीन जोड, आणि रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्याला पाठीवर चमकपट्टी. सुती मिश्रणाने एका टी-शर्टमागे थोडे पैसे जास्त जातील, पण विटलेले कपडे दर तीन महिन्यांनी बदलण्यापेक्षा कमी. आज गणवेशाच्या ऑर्डरमध्ये यातलं काहीही नसतं. ‘काळा, राउंड नेक’ एवढंच लिहून पुढे लोगो छातीवर डावीकडे किती सेंटिमीटरचा आणि कुठल्या छटेचा, याला मात्र अर्धं पान दिलेलं असतं.